मुरलीधराखालची जमीन

जमिनीला कान लावून बसणं ही गौतमी निमोणकरची नोकरी होती, आणि तिचे वडील त्याच जमिनीवर उभे राहून रोज संध्याकाळी देवाला हाका मारायचे. दोघांच्या मधे होता थोडा मुरूम, थोडा काळा खडक, गंगेचा पाझर आणि नाशिकच्या भुयारी मेट्रोचा बोगदा.

गोदावरीला नाशकात गंगाच म्हणतात. त्या गंगेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर मुरलीधराचं देऊळ, आणि देवळाच्या बरोब्बर खालून बिनचालकाची गाडी सुळकन निघून जायची. वर तिचे वडील, कीर्तनकार अच्युतबुवा, नामाचा गजर करत असायचे, खाली कामावरून सुटलेली माणसं डुलक्या घेत घरी जात असायची. कुणाला कुणाचा पत्ता नसे. पत्ता होता तो फक्त गौतमीला आणि तिच्या यंत्राला.

त्याचं असं होतं. बोगद्याच्या भिंतीत केसासारखी बारीक काचेची तार पुरलेली होती. तिच्या एका टोकातून प्रकाशाचे झटके सोडत राहायचे. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात सूक्ष्म दोष असतात, आणि त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश उलटा फिरतो. आता वर कुणी खलबत्त्यात सुंठ कुटली, की तो धक्का मातीतून खाली उतरतो, तार त्या जागी नखाच्या धारेहूनही कमी ताणली जाते, आणि उलटा येणारा प्रकाश बदलतो. किती वेळाने आला त्यावरून जागा कळते, कसा बदलला त्यावरून धक्का कळतो. म्हणजे अख्खा बोगदा हाच एक लांबलचक कान! तो कान जिथे उलगडायचा, त्या दालनाला मेट्रोतले सगळे ‘ऐकायची खोली’ म्हणत.

धक्का ऐकणं सोपं असतं. त्यावरून मातीची तब्येत ओळखणं अवघड. घट्ट जमीन धक्का झटकन पोचवते. पाण्याने माती सैल झाली, आत पोकळी धरू लागली, की तोच धक्का रेंगाळत येतो. पण तो रेंगाळला हे कळायला आधी निघाला कधी हे कळायला हवं ना? इतर भागांत रस्त्यावर यंत्राने ठोके देऊन हे मोजत. जुन्या नाशकातल्या माणसांनी ठोक्यांना साफ नाही म्हटलं. बोगदा खणताना भांडी फळीवरून उतरली होती, तेवढं त्यांना पुरलं होतं. देवळाच्या विश्वस्तांनी फार तर सभामंडपाच्या खांबावर सुपारीएवढा एक मायक्रोफोन चिकटवू दिला.

मग यंत्राने आपली सोय आपणच पाहिली. हातगाड्या, स्कूटरी, घंटा, भांडणं हे सगळं चाळता चाळता त्याला एक ठोका सापडला, जो कधी म्हणून चुकत नव्हता. बुवा गजराला लागले की त्यांच्या हातातली झांज आणि उजवा पाय एकाच क्षणी पडत. झांजेचा आवाज हवेतून खांबावरच्या मायक्रोफोनला, पायाचा ठोका फरशीतून, मातीतून तारेला. हात आणि पाय एकाच माणसाचे, म्हणून यंत्राच्या लेखी स्रोत एक; दोन्ही पोचण्यात जे अंतर पडायचं, तोच मातीचा निरोप. ऐकायच्या खोलीत त्या आकड्याचं नावच पडलं ‘मुरलीधर अंतर’. रोज संध्याकाळनंतर पडद्यावर ओळ उमटे: मुरलीधर अंतर नेहमीचं. स्रोत एक. जमीन स्थिर.

खोलीचा कायदा मात्र कडक होता. माणसांच्या चालीही तारेला कळायच्या, म्हणून तिथे बसणाऱ्या प्रत्येकाने शपथ घेतलेली असे: ऐकू येईल ते मातीबद्दल, माणूस ओळखायचा नाही. गौतमीने ती मनापासून पाळली. फक्त एक पाऊल ती ओळखायची. आणि त्याला तरी ओळखणं कसं म्हणायचं? आईच्या हातची आमटी डोळे मिटून कळते, तसं ते होतं.

लहानपणी ती त्याच पावलामागे उभी राहायची. बुवांनी ओळ सोडली की मागून ती उचलायची, लांबवायची, याला झील धरणं म्हणतात. परकर-पोलक्यातली गौतमी झील धरायची आणि बायका तिच्या गालांना बुक्का लावायच्या. पुढे इंजिनिअरिंग आलं, वसतिगृह आलं, नोकरी आली. बुवांनी कधी चकार शब्द काढला नाही. फक्त आपल्या डाव्या खांद्यामागची जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही.

आणि एका सोमवारी पडद्यावर वेगळीच ओळ आली. मुरलीधर अंतर वाढतं आहे. जमिनीबद्दल शंका.

पुढच्या दिवशी पुन्हा तेच. दोन आठवडे अंतर वाढतच राहिलं. देवळाखालून गाड्या रांगत जाऊ लागल्या. बोगद्यात पाण्याचा थेंब नव्हता, भिंतीला चीर नव्हती, पण गेल्या वर्षी याच यंत्राने दुसऱ्या टोकाला रस्त्याखालची पोकळी वेळेवर पकडली होती. त्याचं म्हणणं कोण टाळणार?

देवरे मॅडम या खोलीच्या प्रमुख. बोलायला तुटक आणि मनाने मऊ. त्यांनी गौतमीला बोलावलं.

“परवापासून देवळाखाली सिमेंट भरायचं ठरतंय. ते पुरं होईतो देऊळ रिकामं. निदान पावसाळा संपेपर्यंत. तुझ्या वडिलांना तू सांगतेस की मी पत्र पाठवू?”

“मॅडम, पावसाळाभर कीर्तन बंद?”

“गौतमी, खालून लोक जातात गं.”

गौतमी जागेवर आली आणि, काय वाटलं कोण जाणे, तिने दिवसाचा एक सरासरी आकडा बाजूला ठेवून कीर्तन पहिल्यापासून ऐकायला घेतलं. नमनाला अंतर नेहमीचं. निरूपणाच्या पूर्वरंगातही नेहमीचं. मग बुवांनी गजराला वेग दिला, आणि अंतर वाढू लागलं. आरतीपर्यंत वाढतच गेलं. तिने आदल्या दिवसाचं लावलं. नमनाला पुन्हा नेहमीचं! रात्रीत जमीन बरी झाली होती, आणि गजराला पुन्हा आजारी पडली होती.

गौतमीने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. माती दमत नाही. विश्रांती घेऊन सकाळी ताजीतवानी होत नाही. दमतं माणूस.

हात वेळेवर पडत होता. पाय मागे राहत होता.

ती पुन्हा मॅडमच्या दारात गेली. “मॅडम, मला वाटतं जमीन ठीक आहे. मी… मी ओळखलं.”

देवरे मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि हात वर केला. “काय ओळखलंस ते मला सांगायचं नाही. का ते तुला माहितीय. मला जमिनीचा पुरावा हवा. दुसरा कुणीतरी तिथेच, तसाच ठोका देईल आणि अंतर नेहमीचं येईल, तर सिमेंट थांबवते. नाही आलं, तर परवा देऊळ बंद.”

“उद्याचं कीर्तन आहे.”

“मग उद्याचं कीर्तन.”

संध्याकाळी ती देवळात पोचली तेव्हा कौतिकमामा आहेर तबल्यावर हातोडी चालवत होते. मामांचं सगळं आयुष्य बुवांच्या डाव्या हाताला बसून गेलेलं.

“काय गं पोरी, आज इकडं कशी? जमिनीखाली करमंना का?”

“मामा, खरं सांगा. अप्पांचा पाय मागे पडतोय का?”

हातोडी थांबली. मामांनी उगाच तबल्याच्या वाद्या ओढून पाहिल्या. “मागं कशाला पडंल? मी थांबतो ना त्याच्यासाठी. बुवा जिथं पाय टाकतील तिथं माझी सम. लोकांना काय कळतंय!”

“किती दिवस थांबताय?”

“साथ करायची म्हंजे झाकायचं असतं पोरी. मोजायचं नसतं.”

ऐकणाऱ्यांना सगळं तालात वाटत होतं, कारण तबला प्रेमाने थांबत होता. थांबत नव्हती ती फक्त हातातली झांज.

बुवा गाभाऱ्याच्या पायरीवर बसून उपरण्याची घडी घालत होते. घडी जमत नव्हती. त्यांनी तिला पाहिलं आणि हसून उपरणं तसंच खांद्यावर टाकलं.

“या, पाताळच्या राणी! खालच्या मंडळींचं क्षेम आहे ना?”

“अप्पा, उजवी चप्पल चालताना निसटते का हल्ली?”

बुवांचं हसू हळूहळू मावळलं. “तुला कुणी सांगितलं? कौतिकने?”

“तुमच्या पायाने सांगितलं. तारेला.” तिने त्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. सिमेंट, पावसाळा, अंतर, मॅडमची अट. बुवा निरूपण ऐकावं तसं शांतपणे ऐकत होते.

“आणखी कुणाला कळलंय?”

“फक्त मला.”

“म्हणजे बघ, काय गंमत आहे,” बुवा म्हणाले. “गप्प बसलो तर देऊळ बंद. बोललो तर मी बंद. विश्वस्त फार सज्जन आहेत, शाल देतील, नारळ देतील आणि हात धरून घरी पोचवतील.” त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं, घरातल्या खोडकर मुलाकडे बघावं तसं. “गेल्या दिवाळीपासून कुरकुरतो गं हा, आणि हल्ली तर ऐकतच नाही. सांगतो तेव्हा निघतो, पण विचार करून निघतो.”

कौतिकमामा मागे येऊन उभे राहिले होते. ते वाकून हलक्या आवाजात म्हणाले, “बुवा, माझं ऐका. पाय जरा आधी टाका. झांजेच्या अंमळ आधी. मी खूण करीन. यंत्राचं समाधान, देवळाचं काम.”

बुवा रागावले नाहीत. मामांचा हात हातात घेतला.

“कौतिक, तू माझ्यासाठी नरकातही तबला घेऊन येशील हे मला ठाऊक आहे. पण खालून लेकुरवाळी माणसं जातात रे. जमीन खरंच सैल असली तर? हरिकीर्तनातला ठोका खोटा कसा द्यायचा?” मग ते लेकीकडे वळले. “दुसऱ्या कुणीतरी उभं राहायचं, असंच म्हणाली ना तुझी मॅडम?”

“हो. तालुक्याचे ते तरुण बुवा आहेत, त्यांना विचारू का?”

“ते झांज वाजवतात आणि पाय नुसता हलवतात. तू उभी राहा.”

“मी? अप्पा, मी सगळं विसरले.”

“झील धरणारा विसरत नाही. पुढच्याला ओळ सुचली नाही तर त्याला आधार कुणाचा? मागच्याचाच.” ते उठले, पायाला क्षणभर वेळ देऊन. “आणि एक. तुला आकडा ठाऊक आहे. किती आधी पाय टाकला की किती अंतर भरून निघेल हे तुला कौतिकपेक्षा चांगलं कळतं. तसं करायचं नाही. मुरलीधर बघतोय म्हणून नाही. मी बघतोय म्हणून.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभामंडपात नेहमीची सात-आठ डोकी होती. नऊवारी नेसलेली गौतमी नारदाच्या गादीवर, कीर्तनकाराच्या जागेवर, उभी राहिली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दुर्गाकाकू चष्मा पुसत म्हणाल्या, “अगंबाई, आज मेट्रोच वर आली की!”

मंडप हसला. गौतमीही हसली. तिच्या डाव्या खांद्यामागे, स्टुलावर, अच्युतबुवा बसले होते. इतकी वर्षं रिकामी ठेवलेली जागा त्यांनी स्वतःच घेतली होती.

नमन झालं. तिने ओळ सोडली आणि मागून बुवांनी झील उचलली, जरा घोगरी, पण खडकासारखी. मग तिला उमजलं की लहानपणी आपण अप्पांना काय देत होतो. माणूस ओळ सोडून देतो, ती खाली पडत नाही, एवढ्या भरवशावर पुढची ओळ येते.

पूर्वरंग संपला. मध्यंतराला बुक्का आणि हार आणायची पद्धत. हार घेऊन बुवाच पुढे आले. त्यांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला, आणि वाकले.

“अप्पा!” ती मागे सरकली.

“गादीवरून हलू नकोस,” ते कुजबुजले. “इथे उभी आहेस तोवर माझी मुलगी नाहीस. घरी गेल्यावर पाया पड हवं तर.” आणि त्यांनी तिच्या उजव्या पावलाला हात लावून तो कपाळी नेला.

दुर्गाकाकूंनी पदर डोळ्यांना लावला. कौतिकमामा तबला पुसत होते, पुसतच राहिले.

आता गजर. गौतमीने झांज घेतली. खांबावरची ती सुपारी तिला दिसत होती. पायाखालच्या फरशीच्या खाली मुरूम, त्याखाली खडक, त्याखाली तार, आणि तारेखालून आत्ता या क्षणी जाणारी गाडी तिला जणू डोळ्यांनी दिसत होती. पाय चुकला तर जमीन धड असूनही देऊळ बंद. आणि केसभर आधी टाकला तर सगळं मिटेल, कुणाला कधी कळणार नाही. पावलात ती लबाडी एकदा खरोखर चुळबुळली. तेवढ्यात मागून झील आली, आणि तिच्या मनातून आकडा पुसला गेला.

“विठ्ठल! विठ्ठल!”

हात आणि पाय. हात आणि पाय. मामांचा तबला आज कुणासाठीही थांबत नव्हता. कित्येक दिवसांनी तो मोकळा सुटला होता, आणि म्हाताऱ्या बोटांना तो आनंद आवरत नव्हता. गौतमीने वेग वाढवला, दुप्पट केला. टाळ्या चढल्या.

उत्तररंगाला तिने अप्पांचंच एक आख्यान घेतलं, ते तिला झोपवताना रचून सांगायचे ते. देवळाच्या पायातला दगड एकदा मुरलीधरावर रुसला. म्हणाला, “देवा, शिखरातल्या दगडाला कळस मिळाला, पायरीतल्या दगडाला भक्तांचे पाय मिळाले. मला काय? अंधार! मला तू कधी दिसणार?” देव म्हणाला, “वेड्या, ते सगळे माझ्यासमोर उभे आहेत. मी उभा आहे तो तुझ्यावर.”

आरती झाली, खडीसाखर वाटली गेली. गौतमी पायरीवर फोन घेऊन बसली. एकीकडे बुवा, एकीकडे मामा. देवरे मॅडमचा फोन आला.

“अंतर नेहमीचं,” मॅडम म्हणाल्या. “नमनापासून आरतीपर्यंत, एकसारखं. स्रोत एक, पण नवीन, असं म्हणतंय यंत्र. सिमेंट थांबवलं. जमीन खणखणीत आहे.” मग म्हणाल्या, “त्या दगडाची शेवटी समजूत पटली का गं? मायक्रोफोनचा आवाज मधेच तुटला.”

गौतमीने फोन ठेवला आणि वडिलांकडे पाहिलं. आनंदाची बातमी होती, आणि तिचा दुसरा अर्थ तिघांनाही कळत होता. जमीन धड होती. म्हणजे पायच बिघडला होता.

“देवळाखालची धड आहे ना?” बुवांनी विचारलं. “मग झालं. माझं काय, मी पालखीतला हलता देव, न्याल तिथे जाईन. डॉक्टरकडे कधी जायचं ते सांग.”

डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात सांगितली. इतक्या लवकर सहसा कुणी येत नाही, म्हणाले. नव्या औषधाने चाल पुष्कळ सुधारेल, हात तर उत्तमच राहील. मात्र उभ्याने कीर्तन नको. कुणी शोधलं म्हणून विचारल्यावर बुवा म्हणाले, “पाताळातून निरोप आला.”

विश्वस्त शाल घेऊन आलेच. बुवांनी ती घेतली, घडी न करता पांघरली, आणि सांगितलं की कीर्तन चालू राहील. लेक उभी राहील, मी मागे बसून झांज धरीन. लेकीला मेट्रोची ड्यूटी असेल त्या दिवशी ती खाली ऐकेल, आणि त्या दिवशी मी बसून नुसतं निरूपण करीन. देवाला सवय होईल.

मेट्रोने मोजमापासाठी आणखी एक साधन खालीच बसवलं, कारण सगळा भार एका पावलावर टाकणं शहाणपणाचं नव्हतं. तरी यंत्राचा मुरलीधरावरचा जीव सुटेना. पहिल्या आठवड्यात त्याची ओळ यायची: स्रोत दोन. अंतर ग्राह्य नाही. बापाचा हात आणि लेकीचा पाय यांत फट पडत होती, आणि ती काही जमिनीची नव्हती.

“तू घाई करतेस,” बुवा म्हणायचे.

“तुम्ही रेंगाळता, अप्पा.”

“मी तुझी वाट बघतो.”

“मग बघू नका. मी येते बरोबर.”

“हेच तू कॉलेजात असताना म्हणायचीस. आणि शेवटची एसटी चुकवायचीस!”

मामा दोघांच्या मधे बसून हसायचे आणि कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत.

श्रावणातल्या एका संध्याकाळी मंडप भरला होता. तिसऱ्या रांगेत देवरे मॅडम मांडी घालून बसल्या होत्या, दगडाचं काय झालं ते नीट ऐकायला. गजर चढला आणि गौतमीला आपला पाय कुठे संपतो आणि मागची झांज कुठे सुरू होते, याचं भानच राहिलं नाही. वळून पाहायची गरजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी ऐकायच्या खोलीत ती शिरली, तर मॅडम पडद्यासमोर उभ्या. “वाच,” म्हणाल्या. “मी कुणालाही ओळखलेलं नाही.”

गौतमीने वाचलं.

मुरलीधर अंतर नेहमीचं. स्रोत एक. जमीन स्थिर.